आज कुठली हवा आहे? गोव्यात राहून वायुराशी आणि आघाड्या ओळखायची रीत

"पोचला का गो?"

मार्च महिन्यात दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास मी पणजीच्या किनाऱ्यावर, मिरामारला बहिणीला फोन करून एवढंच विचारतो. ती म्हणते, "आत्ताच. पडदे हलायला लागले." मी वहीत वेळ लिहितो आणि डिचोलीत आमच्या अंगणात वाट बघत बसतो. दीड-दोन तासांनी माडाच्या झावळ्यांची सळसळ बदलते, घामावर गार झुळूक लागते आणि थर्मामीटरचा पारा वर चढायचा थांबतो. मग घाटपायथ्याच्या वाळपईला मेव्हण्याला फोन. त्याच्याकडे कधी चार वाजता पोचतो, कधी पोचतच नाही.

हा समुद्रावरून येणारा खारा वारा. त्याच्या पुढच्या कडेला हवामानशास्त्रात आघाडी म्हणतात. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निळी रेघ आणि तिच्यावर त्रिकोण, म्हणजे शीत आघाडी. तांबडी रेघ आणि तिच्यावर अर्धगोल, म्हणजे उष्ण आघाडी. मुलांकडून आकृत्या काढून घेतल्या, गुणही दिले. ही आघाडी आपल्याकडे कधी येते, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "आपल्याकडे येत नाही, ती युरोपात." हे उत्तर अर्धंच खरं होतं. आकृतीतली आघाडी गोव्यात येत नाही, पण दोन वेगळ्या हवांची सीमा कोरड्या दिवसांत जवळजवळ रोज आपल्या डोक्यावरून जाते. ती ओळखता आली की "पाऊस येईल का?" या प्रश्नाच्या आधी "आज कुठली हवा आहे?" हा प्रश्न विचारायची सवय लागते. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आधी नकाशावरची रेघ

हवा एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर बरेच दिवस पडून राहिली की त्याचा गुण घेते. गार वाळवंटावर थंड आणि कोरडी होते, उबदार समुद्रावर दमट. शेकडो, हजारो किलोमीटर पसरलेल्या अशा एकजिनसी हवेला वायुराशी म्हणतात. दोन वायुराशी शेजारी आल्या तरी त्या दूध-पाण्यासारख्या लगेच मिसळत नाहीत. थंड हवा जड, ती खालून पाचरीसारखी घुसते. उबदार हवा हलकी, ती वर चढते. वर गेलेली हवा प्रसरण पावून थंड होते, वाफेचे थेंब होतात, ढग बनतात.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आणि नंतरच्या काही वर्षांत नॉर्वेतल्या बर्गन शहरात व्हिल्हेम ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांचे सहकारी यांनी ही मांडणी केली. वर्तमानपत्रांत रोज युद्धाच्या आघाड्यांचे नकाशे येत होते, तिथूनच 'फ्रंट' हा शब्द हवामानात आला.

शीत आघाडी उभट असते आणि वेगाने सरकते, म्हणून पाऊस जोराचा पण अरुंद पट्ट्यात आणि थोडा वेळ. उष्ण आघाडीचा उतार फारच मंद असतो. तिच्या येण्याची वर्दी आधी उंचावरचे पिंजल्यासारखे तंतुमेघ देतात, मग ढग खाली खाली येतात आणि रिपरिप सुरू होते. हे नाटक मध्य अक्षांशांत चालतं, कारण तिथे ध्रुवाकडची थंड हवा आणि उष्णकटिबंधातली उबदार हवा एकमेकींना भिडतात. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे तापमानाचा एवढा मोठा फरक एका रेघेवर सहसा सापडत नाही, आर्द्रतेचा मात्र सापडतो. म्हणून आपण पाऱ्याइतकंच, किंबहुना जास्तच, वाफेकडे बघायचं.

पायरी १: गोव्यावर येणाऱ्या हवा ओळखून ठेवा

माझ्या हिशेबात त्या चार आहेत. पुस्तकात वेगळी वर्गवारी सापडेल, मला घरी ही पुरते.

पहिली नैर्ऋत्येची, पावसाळ्यातली. दक्षिण हिंदी महासागरावरून निघून, विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळून अरबी समुद्रावरून आपल्याकडे येते. हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेली असल्यामुळे ती नुसती जमिनीलगत नव्हे, कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत दमट असते.

दुसरी पूर्वेची, घाटावरून उतरणारी. नोव्हेंबर ते मार्च या काळात ती रात्री आणि सकाळी हमखास असते. ही दख्खनच्या पठारावरची कोरडी हवा. तिचा एक गुण लक्षात ठेवा: कोरडी हवा खाली उतरताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली ३० अंशांची हवा घाट उतरून खाली येईपर्यंत सात-साडेसात अंशांनी तापून ३७ च्या आसपास पोचू शकते. वर कुणी आग लावत नाही, नुसतं उतरण्यानं हे होतं.

तिसरी उत्तरेची. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणि उत्तर भारतात पाऊस देऊन पुढे जातात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेची थंड, कोरडी हवा खाली घसरते. राजस्थान, मध्य भारत, महाराष्ट्र करत ती आपल्यापर्यंत येते तेव्हा तिची धार गेलेली असते. तरी दोन-तीन पहाटे गोधडी वाढवावी लागते. पुस्तकातल्या शीत आघाडीचा गोव्याला मिळणारा हा शेवटचा, थकलेला तुकडा म्हणायला हरकत नाही.

चौथी वायव्येची सागरी हवा, फेब्रुवारी ते मे दुपारची. ही फसवी. घामाच्या धारा लागतात, सगळं चिकट होतं, पण आभाळात ढगाचा तुकडा नसतो. लोक म्हणतात, एवढी वाफ आहे तर पाऊस का नाही? कारण ही वाफ तळाच्या पातळ थरात कोंडलेली असते आणि तिच्या वर कोरड्या, उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. खालची हवा वर चढते, झाकणाला डोकं आपटते आणि थांबते. मे महिन्यात हे झाकण सैल होऊ लागतं आणि मग वळवाची गोष्ट सुरू होते.

पायरी २: एक वही आणि दवबिंदू

फार सामान लागत नाही. सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर आणि साधा डिजिटल आर्द्रतामापक. भिंतीला चिकटवू नका, भिंतीचं तापमान कळेल. पत्र्याखाली तर मुळीच नको.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. पश्चिमेचा वारा म्हणजे समुद्राकडून येणारा. देवळाचा ध्वज, माडाची झावळी, वाळत घातलेली लुगडी, पाला जाळला तर त्याचा धूर, काहीही चालेल. फक्त मांडवीत नांगरलेल्या होड्यांच्या तोंडावरून दिशा ठरवू नका. नदीत त्या भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर फिरतात. मी दोन महिने मालीमच्या होड्या बघून वाऱ्याच्या नोंदी केल्या होत्या आणि वारा दर सहा तासांनी का उलटतो याचा विचार करत बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा एकटा बघू नका. जानेवारीच्या पहाटे १९ अंशांवर ९५ टक्के आर्द्रता असते, जुलैच्या दुपारी २९ अंशांवर ८५ टक्के. आकडा बघून कुणी म्हणेल की जानेवारीची हवा जास्त दमट. प्रत्यक्षात जुलैच्या हवेत कितीतरी जास्त पाणी आहे. थंड हवेचं भांडंच लहान, ते लवकर भरतं. २० अंशांवरची संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशांवरची सुमारे ३०.

म्हणून दवबिंदू काढायचा, म्हणजे ही हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर दव धरेल ते. सोपं गणित: १०० मधून आर्द्रता वजा करा, पाचने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर ३० भागिले ५ म्हणजे ६, दवबिंदू २६. आर्द्रता पन्नासच्या खाली गेली की हे गणित खऱ्यापेक्षा मोठा आकडा देतं, पण तेव्हा हवा कोरडी आहे एवढं कळणंही पुरेसं असतं.

हे शिकण्याआधी मी एकदा फेब्रुवारीत सकाळी मोबाईलवर आर्द्रता ९० टक्के बघून आईने अंगणात मांडलेल्या मिरच्या आत आणवल्या. दहा वाजता लख्ख ऊन. आई दिवसभर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मिरच्या मांडताना म्हणाली, "तुझ्या मोबाईलाक आधी उन्हात घाल."

माझ्या वहीतले ढोबळ आकडे असे: पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ च्या आसपास ठाण मांडून बसतो, मे महिन्यात २५-२६ पर्यंत जातो, डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचा वारा असताना दुपारी पंधराच्याही खाली उतरतो. तापमान दिवसात दहा-बारा अंश वर-खाली होतं. दवबिंदू मात्र एकाच हवेत फारसा हलत नाही. तो तासाभरात चार-पाच अंश उडी मारतो तेव्हा समजा, हवा बदलली. सीमा तुमच्या अंगणातून गेली.

पायरी ३: दाब बघा, पण कालच्या त्याच वेळेशी ताडून

बऱ्याच मोबाईलमध्ये दाबमापक असतो. युरोपी पुस्तकांत लिहिलेलं असतं की दाब उतरू लागला की वादळ येतं. तो नियम गोव्यात जसाच्या तसा लावला तर रोज दुपारी वादळाची भीती बाळगावी लागेल. उष्णकटिबंधात दाबाला स्वतःची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हा चढउतार सहज तीनेक हेक्टापास्कलचा (हे दाब मोजायचं एकक) असतो. म्हणून आज सकाळी साडेआठचा दाब काल सकाळी साडेआठच्या दाबाशी ताडायचा. चोवीस तासांत दोन-तीन हेक्टापास्कलची घट दिसली तर लक्ष द्या. आणि फोन एकाच मजल्यावर ठेवा, साधारण आठ मीटर वर गेलात की दाब एक हेक्टापास्कलने कमी दिसतो.

पायरी ४: रोजची आघाडी पकडा

शिकायला फेब्रुवारी-मार्चसारखा काळ नाही. ढगांचा पसारा नसतो, त्यामुळे नाटकातली पात्रं स्वच्छ दिसतात.

सकाळी सात वाजता बाहेर या. धूर पश्चिमेकडे, समुद्राकडे जाताना दिसेल. हा मतलई वारा, रात्री गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. धूर वर न जाता चादरीसारखा आडवा पसरला असेल तर वर झाकण आहे, म्हणजे तळाची हवा वरच्यापेक्षा गार आहे. सत्तरी-सांग्याच्या खोऱ्यांत अशाच सकाळी धुकं भरतं. नऊनंतर ऊन तापलं की झाकण मोडतं.

साडेदहा ते बारा हा पडाव. पानसुद्धा हलत नाही. पूर्वेचा वारा थकलेला, पश्चिमेचा अजून निघालेला नाही. किनाऱ्यावर दिवसातलं सर्वांत जास्त तापमान बरेचदा याच वेळी लागतं, दुपारी दोनला नव्हे.

मग खारा वारा येतो. जमीन तापली, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर गेली, ती जागा भरायला समुद्रावरची गार, जड हवा आत शिरली. तिची पुढची कड म्हणजे छोटी शीत आघाडीच. पारा दोन-तीन अंश उतरतो किंवा जागीच थांबतो आणि दवबिंदू वर उडी मारतो. वर बघा: कडेच्या रेषेवर लहान कापसासारखे राशीमेघ ओळीने उभे असतात आणि त्यांच्यामागे समुद्राकडचं आभाळ निरभ्र असतं. आमच्याकडे घारी नेमक्या त्या रेषेवर घिरट्या घालतात. वर चढणारी हवा त्यांना फुकटात मिळते. मला वारा लागायच्या आधी दहा मिनिटं घारी कळवतात.

आता याचा उपयोग. दुपारी एक वाजला, बहिणीच्या घरचे पडदे अजून हललेले नाहीत आणि पूर्वेचा वारा जोरात आहे, तर घाटावरच्या हवेने खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर अडवून धरलं आहे. त्या दिवशी उकाडा नव्हे, भाजणारा उन्हाळा. किनारपट्टीच्या ठिकाणी तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं की भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. २०२३ च्या मार्चमध्ये असाच इशारा आला होता आणि ९ व १० मार्चला गोव्यातल्या शाळा दुपारी बाराच्या आत सोडल्या होत्या. त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे पेटत होते. अशा दिवशी काजूच्या बागेत पाला जाळायचा नाही, स्कूटरवर लांबचा पल्ला घ्यायचा नाही. सोलां (कोकमाच्या साली) आणि मिरच्यांना मात्र यापेक्षा चांगली हवा मिळणार नाही. पूर्वेचा कोरडा वारा दोन दिवसांत जे वाळवतो, ते खाऱ्या वाऱ्याला चार दिवस लागतात.

आंब्यावाल्यांनी वेगळी नोंद ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेची गार, कोरडी हवा टिकली की मानकुराद आंब्याला मोहोर चांगला धरतो. मध्येच दवबिंदू चढून ढगाळ, दमट दिवस लागले की भुरी रोग आणि तुडतुडे कीड. फवारणीचा निर्णय कॅलेंडर बघून घेण्याऐवजी दवबिंदूचे तीन-चार दिवस बघून घेतलात तर औषध वाचेल.

पायरी ५: वळीव येताना दिसतो

एप्रिलच्या शेवटापासून पूर्वेकडे बघायची सवय लावा. पावसाळा पश्चिमेकडून येतो, वळीव घाटाकडून. खाऱ्या वाऱ्याने आणलेली वाफ सह्याद्रीच्या पायथ्याशी साठते, डोंगराच्या तापलेल्या उतारांवरून वर चढते आणि तिथे पठारावरून येणारी पूर्वेची हवा तिला भेटते. दोन वारे समोरासमोर आले की हवेला वर जाण्यावाचून वाट नसते.

दुपारी दोन-तीनला चोर्ला घाटाच्या बाजूला फुलकोबीसारखे ढग दिसू लागतात. ते रुंदीपेक्षा उंचीने वाढत असतील आणि कडा कोरीव दिसत असतील तर ते जिवंत आहेत. माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा झाला की गर्जामेघ तयार झाला. उंचावरचे वारे पूर्वेचे असतील तर ऐरणीचं टोक आपल्याकडे झुकलेलं दिसतं, म्हणजे तो इकडे येणार. टोक पलीकडे असेल तर पाऊस बेळगाव-खानापूरला.

मग अचानक खारा वारा पडतो. दोन मिनिटं सगळं चिडीचूप आणि पूर्वेकडून थंड झोत येतो, धूळ, पाला, मातीचा वास घेऊन. लोक याला पावसाचा वारा म्हणतात. ढगातून कोसळणाऱ्या पावसाने गार झालेली जड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, तिची ही कड. पुस्तकातल्या शीत आघाडीची लहान आवृत्ती तुमच्या अंगावरून जाते. माझ्या वहीत एका मे महिन्यात दहा मिनिटांत ३४ वरून २६ अंश अशी नोंद आहे. हा झोत कधी पाऊस नसलेल्या गावातही पोचतो आणि पुढे खाऱ्या वाऱ्याला भिडून तिथे दुसरा ढग उभा करतो. म्हणून पाऊस डिचोलीत पडून संपला, आता म्हापशाला निघायला हरकत नाही, असं धरू नका.

झोत लागला की विजेचा विचार आधी करा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. माडाखाली, काजूखाली, सड्यावर उघड्यावर थांबणं नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडलेल्या विजा दाखवतं, मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांसाठी ते फोनमध्ये असू द्या. ऑक्टोबरात मान्सून माघारी जाताना पूर्वेची हवा पुन्हा शिरू लागते आणि मे महिन्यातलाच खेळ थोड्या ओल्या मैदानावर होतो. भातकापणी तेव्हाच असते, हे दुर्दैव.

पायरी ६: पावसाळ्यात प्रश्न बदला

केरळात मान्सून साधारण १ जूनला येतो, गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. तो आल्यावर माझी दवबिंदूची वही कंटाळवाणी होते. रोज २४, २५, २४. कारण आता सगळीकडे एकच हवा आहे, सीमा नाहीत. म्हणून प्रश्न बदलायचा: वारा किती जोराचा आहे आणि तो कुठे अडतो आहे?

अडतो तो आधी घाटावर. शाळेत शिकवतात तो प्रतिरोध पर्जन्य. पणजीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, घाटपायथ्याला त्याहून जास्त आणि घाट ओलांडून बेळगावात पणजीच्या निम्म्याहून कमी. म्हणून साखळीच्या माणसाने आपल्या अंगणातल्या पावसावरून वाळवंटी नदीचा अंदाज करू नये. वर घाटात रात्रभर कोसळलं आणि भरतीची वेळ जुळली तर अंगण कोरडं असताना बाजारात पाणी शिरतं.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो, हवामान विभागाच्या पत्रकात त्याला द्रोणीय स्थिती म्हणतात. गुजरात किंवा महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून केरळपर्यंत तो पसरलेला असतो. समुद्रावरचा जोरदार वारा या पट्ट्यात येऊन मंदावतो, मागून येणारी हवा त्यावर आदळते आणि वर चढते. अशा दिवशी पाऊस सरींचा राहत नाही. सर म्हणजे पंधरा मिनिटं ओतलं आणि ऊन. द्रोणीय पट्टा असला की रात्रभर एका सुरात कोसळतं आणि किनाऱ्यावर कधी घाटापेक्षा जास्त पडतं.

पत्रकात आणखी एक वाक्य शोधा: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र. आपल्यापासून इतकं दूर, त्याचं आपल्याला काय? ते ओडिशाकडून मध्य भारतात सरकतं तेव्हा अरबी समुद्रावरचा पश्चिमेचा वारा स्वतःकडे खेचतं, आणि तो वारा आपल्या अंगावरून जातो. द्रोणीय पट्टा आणि उपसागरातलं क्षेत्र दोन्ही एकाच पत्रकात दिसलं की मी खालच्या फळीवरची तांदळाची पोती वर घेतो. उलट, मान्सूनचा मुख्य कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पूर आणि आपल्याकडे उघडीप. घराच्या कौलांचं राहिलेलं काम त्या चार-पाच दिवसांत उरकावं.

पायरी ७: चक्रीवादळात वाऱ्याकडे पाठ

उष्णकटिबंधी चक्रीवादळाला आघाड्या नसतात, ते एकाच दमट हवेत जन्मतं. समशीतोष्ण प्रदेशातल्या आवर्ताशी त्याची गल्लत परीक्षेत मुलं नेहमी करतात. आपल्याला उपयोगी पडतो तो १८५७ साली डच शास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी मांडलेला नियम: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे.

१६ मे २०२१ ला 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेलं, झाडं आणि खांब पडले, कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. असं वादळ समुद्रातून उत्तरेला सरकताना वारा क्रमाने फिरतो. पूर्व-आग्नेयेचा असेल तर केंद्र अजून दक्षिणेला, म्हणजे यायचं आहे. दक्षिणेचा झाला तर ते पश्चिमेला, समोर. नैर्ऋत्येचा झाला तर वायव्येला, पुढे गेलं. वीज नसताना, नेटवर्क नसताना एवढं ज्ञान अंधारात उपयोगी पडतं. पण वारा फिरला म्हणजे धोका टळला असं नाही, समुद्र त्यानंतरही बराच काळ खवळलेला असतो.

पायरी ८: आपली वही आणि आल्तिन्होचा अंदाज

पणजीत आल्तिन्होवर हवामान विभागाची वेधशाळा आणि पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार आहे. घरची वही त्याला पर्याय नव्हे. वहीमुळे तिथला अंदाज वाचता येतो, एवढंच.

वाचताना काही गोष्टी. पावसाचा 'दिवस' सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असतो, म्हणून काल रात्रीचा पाऊस आजच्या आकड्यात येतो. 'जोरदार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त, 'अति जोरदार' ११५.६ पासून, 'अत्यंत जोरदार' २०४.५ पासून. १०० मिलिमीटर म्हणजे गच्चीच्या दर चौरस मीटरवर १०० लिटर पाणी, हे कळलं की पन्हळीचा आकार कमी का पडतो ते कळतं. पिवळा, नारिंगी, तांबडा हे रंग पावसाच्या आकड्याचे नसून तुम्ही किती सावध व्हायचं त्याचे आहेत. नकाशावर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा.

रडारचं एकच चित्र बघू नका. तीन-चार चित्रं लागोपाठ बघून पट्टा कुठे सरकतो ते बघा, मग आपल्या गावापर्यंतचं अंतर. दोन-तीन तासांपुरता हा अंदाज कुठल्याही ॲपच्या चिन्हापेक्षा भरवशाचा. ॲपवरचा ढग आणि दोन थेंब गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज तसाच असतो, त्यात बातमी काहीच नसते. इन्सॅट उपग्रहाचं बाष्पाचं चित्र मिळालं तर हिवाळ्यात जरूर बघा. उत्तरेकडून उतरणाऱ्या कोरड्या हवेची काळी जीभ त्यात स्पष्ट दिसते आणि दोन दिवसांनी तुमचा दवबिंदू घसरतो.

मोसमाच्या सुरुवातीला एक कोरं पान घ्या आणि पाच रकाने आखा: वेळ, वाऱ्याची दिशा, तापमान, दवबिंदू, आभाळ. सकाळी साडेआठ, दुपारी बारा आणि चार, एवढ्या तीनच नोंदी. पहिल्या महिन्यात आकड्यांचा ढीग वाटेल, दुसऱ्या महिन्यात उड्या दिसू लागतील. शक्य असेल तर किनाऱ्यावर एक नातेवाईक आणि घाटपायथ्याला एक, असे दोन फोन नंबर पानाच्या वर लिहून ठेवा. आमच्या वाळपईच्या मेव्हण्याला या कामाचा कंटाळा होता. आता तो चार वाजता स्वतःच फोन करतो. परवा म्हणाला, "भावोजी, तुमचा वारा आज आलाच नाही. घारी पण कंटाळून गेल्या."